केडगावची फणी

आमच्या घरी एक लाकडी फणी होती. दोन्ही बाजूंना दात; एका बाजूचे विरळ, दुसऱ्या बाजूचे इतके दाट की ऊ तर राहोच, लीखही सुटू नये. मधलं लाकूड तेल पिऊन पिऊन काळं झालेलं, आणि दाट बाजूचे तीन दात तुटलेले. आजीच्या ट्रंकेत ती पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. शनिवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी चर्चला जायचं म्हणून, ट्रंक उघडायची आणि आम्ही चार नातवंडं अंगणात एकामागे एक बसायचो. आजीच्या गुडघ्यांत डोकं सापडलं की सुटका नाही. कुणी रडलं तर ती म्हणायची, "रड, पण हलू नको. मी तर चावले होते."

चावण्याची ती गोष्ट आम्हाला पाठ होती. तरी दर शनिवारी कुणीतरी विचारायचंच.

आजी केडगावची. नगरला खेटून आहे ते केडगाव नव्हे. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की यवत, खुटबाव मागे टाकून येतं ते. तिथे पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये ती वाढली. तिला आई-वडिलांची नावं आठवत नव्हती. गावाचंही नाही. एक मोठी नदी होती आणि तिच्यात पाणी नव्हतं, एवढंच आठवायचं. १८९७ साली मध्य प्रांतातल्या दुष्काळातून ज्या मुली आणल्या, त्यांतली ती एक. वय पाच असावं, असं कुणीतरी तिचे दात बघून ठरवलं. "बैलाचं ठरवतात तसं," आजी हसत सांगायची. ताप चढला की ती आमच्यापैकी कुणालाच न कळणारे शब्द बोलायची. उतरल्यावर त्यांचा अर्थ विचारला, तर तिलाही सांगता यायचा नाही.

केडगावात पोचली तेव्हा तिच्या डोक्याच्या जटा झाल्या होत्या, जटांखाली जखमा आणि जखमांत उवा. एका मोठ्या मुलीकडे तिला सोपवलं. आजी त्या मुलीला 'ताई' म्हणायची आणि आम्हाला तिचं नाव कधी कळलं नाही, कारण आजीच्या मते ताई हेच नाव होतं. ताईने कोमट पाण्याने डोकं भिजवलं, कातरीने जटा कापल्या, कडुनिंबाच्या पाण्याने जखमा धुतल्या. मग उरलेल्या केसांना फणी लावली. पहिलाच हात फिरला आणि आजीने ताईच्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त आलं. ताईने हात ओढून घेतला नाही, मारलंही नाही. दुसऱ्या हातात फणी घेऊन विंचरत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फणी, पुन्हा चावा. असं सात दिवस चाललं, असं आजी म्हणायची. सात हा आकडा बायबलातून आलेला असणार. पण दिवस बरेच गेले असतील हे नक्की.

मला लहानपणी या गोष्टीतली ताई फार आवडायची. चावा सोसणारी, न रागावणारी. संडे स्कूलमधल्या चित्रांतल्या बायकांसारखी. गोष्टीचा दुसरा भागही आजी सांगायची, पण तो मला तेव्हा गंमत म्हणूनच लक्षात राहिला. त्याकडे पुढे येते.

*

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात 'प्रीती' हा शब्द जरा जास्तच असतो. बायबलच्या मराठी भाषांतरात तो आहे, म्हणून तो आमच्या प्रार्थनांत आला, उपदेशांत आला, पत्रांच्या शेवटी आला. बाहेरच्या मराठीत मात्र प्रीती म्हणजे नायक-नायिका आणि बाग. शाळेत सहावीत असताना आमच्या वर्गबाईंनी मला सकाळची प्रार्थना सांगायला उभं केलं. मी घरच्या सवयीने "शेजाऱ्यावर प्रीती करायला शिकव" असं म्हटलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने तर दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघितलं.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आमच्याकडे लग्नात वाचतात. 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' हे शब्द पत्रिकेवर छापतात, फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. माझ्याही लग्नात ते वाचले गेले. इतके कानावरून गेलेले शब्द की नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत, हातात धरवत नाहीत. मला तर बरीच वर्षं त्या अध्यायाचा कंटाळाच होता. मग कधीतरी पत्र पहिल्यापासून वाचलं आणि लक्षात आलं की प्रेषित पौलाने हे कुण्या नवरा-नवरीसाठी लिहिलेलंच नाही. ते एका भांडखोर मंडळीला लिहिलेलं आहे. करिंथच्या त्या मंडळीत गट पडले होते, एकमेकांना कोर्टात खेचणं चाललं होतं, आणि प्रभुभोजनाला जमल्यावर खात्यापित्या घरचे लोक आधी जेवून घ्यायचे, गरीब उपाशी राहायचे. अशा लोकांना पौल सांगतोय. आणि सांगतो काय? प्रीती कशी वाटते, हे एका शब्दानेही नाही. ती काय करते आणि मुख्य म्हणजे काय करत नाही: हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही. सगळा 'नाही'चा पाढा. ज्याला या गोष्टी करायची खोड आहे, त्यालाच हा पाढा घालावा लागतो.

*

केडगाव म्हटलं की पंडिता रमाबाई येतातच. त्यांच्याबद्दल लिहिणारे लोक दोन तऱ्हांनी लिहितात: त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून, किंवा त्या ख्रिस्ती झाल्या तरीही. मला त्यांच्या आयुष्यातली एकच दुपार इथे हवी आहे.

ती दुपार समजायला थोडं मागे जायला लागतं. रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ज्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरायचं. मग दुष्काळ आला. होतं नव्हतं ते विकलं, झाडपाल्यावर दिवस काढले, आणि आई, वडील, थोरली बहीण अशी माणसं एकामागोमाग गेली. उरलेली बहीण-भाऊ पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे भाऊ गेला, लग्न झालं, दोन वर्षं व्हायच्या आत नवराही गेला. पदरात एक मुलगी, मनोरमा. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या सिस्टर्सनी त्यांना एकदा लंडनमधल्या फुलम या भागात पाठवलं. तिथे समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी त्यांचं एक घर होतं. रमाबाईंनी जे बघितलं त्यावर त्यांचा विश्वास बसेना. अशा बायकांची कुणी सेवा करतं, त्यांना शिकवतं, आजारी पडल्या तर उशाशी बसतं, आणि त्यांतल्या काही जणी बरं जगणं सुरू करून स्वतःच दुसऱ्यांची सेवा करू लागतात, हे त्यांना सर्वस्वी नवीन होतं. धर्मशास्त्रं त्यांना मुखोद्गत होती आणि अशा बाईला शास्त्रात काय शिक्षा आहे, तेही माहीत होतं. त्यांनी तिथल्या सिस्टरला विचारलं, तुम्ही हे का करता? सिस्टरने वाद घातला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला आणि पाच नवरे झालेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत म्हटलं आहे की, भारतातल्या पिचलेल्या बायकांना वर उचलून बदलून टाकायची ताकद या ख्रिस्ताखेरीज कुणात नाही, हे त्यांना त्या वाचनातून उमगलं.

एवढी मोठी विदुषी, आणि तिला हलवलं ते कुठल्या तत्त्वचर्चेने नाही. बायकांच्या एका वॉर्डने. हे मला फार खरं वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी चर्चमध्ये साक्ष देणारे सहसा सांगत नाहीत. त्याच साक्षीत रमाबाई म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे १८९१पर्यंत. अमेरिकेचा दौरा झाला, पुस्तक गाजलं, ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्यात आलं, हे सगळं त्या 'मिळाला नव्हता'च्या काळातलं. काम आधी झालं, आतला बदल नंतर. आमच्याकडे व्यासपीठावरून नेहमी उलटं सांगतात: आधी हृदय पालटलं, मग हात चालू लागले. मला वाटतं पुष्कळांचं रमाबाईंसारखंच होत असेल, आणि ते बिचारे स्वतःला ढोंगी समजत असतील.

शारदा सदनाचं पुढे काय झालं ते पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या मुद्द्यावरून गदारोळ झाला आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांच्या रागात सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. सदनात धर्म शिकवणार नाही या वचनावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या, आणि रमाबाईंच्या खोलीचं त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी मुलींसाठी उघडं राहणारं दार हे वचनात बसतं का, यावर आजही दोन मतं होऊ शकतात. पण जे रमाबाईंना जेमतेम ओळखत होते, तेही तेव्हा त्यांच्यावर तुटून पडले. त्या मात्र पुणं सोडून गेल्या नाहीत.

मग १८९६चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंना स्वतःचं उपाशी बालपण आठवलं. त्या उठून तिकडे गेल्या. ३०० मुली आणायच्या असं मनाशी धरलेलं, हातात पैसा जवळपास नाही. पुण्यात तेव्हा प्लेगची धामधूम, त्यामुळे इतक्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला शेतजमीन घेतलेली होती. तिथे तंबू पडले, झोपड्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीत माझी आजी.

आणि आता मला जे महत्त्वाचं वाटतं ते. या शेकडो मुलींना सांभाळलं कुणी? मिशनऱ्यांची फौज नव्हती. शारदा सदनातल्या मुली होत्या. ज्यांना चार-सहा वर्षांपूर्वी घरच्यांनी अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं, त्या विधवा मुलींना रमाबाईंनी म्हटलं, मला तुमची मदत पाहिजे. कुणी शिक्षिका झाली, कुणी स्वयंपाकघर घेतलं, कुणी दवाखाना, आणि कुणी चावऱ्या पोरींच्या उवा काढल्या. पुढे कृपा सदन झालं, फुलमच्या घरासारखं, फसवल्या आणि नासवल्या गेलेल्या बायकांसाठी. छापखाना झाला, माग आले, तेलघाणा आला. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सगळ्या बायबलचं खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत भाषांतर केलं. ज्या बाईला संस्कृत श्लोक हजारोंनी पाठ, तिने जड शब्द एकेक करून खाली उतरवून ठेवले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या होत्या केडगावच्याच मुली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. तोवर भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं.

*

माझं लग्न झालं ते घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. मोठ्या दिरांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे, मीही म्हणू लागले. वहिनींचे पणजोबा ख्रिस्ती झाले त्याआधी त्यांची जात कोणती होती, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात धुऊन निघते असं आम्ही चारचौघांत सांगतो. घरात ती गाळासारखी तळाशी बसलेली असते आणि लग्नाची बोलणी सुरू झाली की ढवळून वर येते. "मूळचे कुठले?" हा प्रश्न आमच्याकडे गावाबद्दल नसतो.

लग्नानंतरचा पहिला नाताळ. घरात महिला मंडळाच्या बायका करंज्या करायला जमलेल्या. वहिनींनी मला सारणापाशी बसू दिलं नाही. "तू भांडी घे," म्हणाल्या. मी मोरीत परात घासत होते. आत कुणीतरी विचारलं, नवी सून कुणाकडची? वहिनी म्हणाल्या, "आजी केडगावची. आणि केडगावची म्हणजे कुणाची, ते देवालाच ठाऊक."

हशा झाला. मी परात पुन्हा एकदा घासली.

एवढंच. मारहाण नाही, उपासमार नाही, कुणाला सांगावं तर "यात काय एवढं?" म्हणतील असं एक वाक्य. ते मी पस्तीस वर्षं पाळलं. प्रत्येक नाताळला त्याला खायला घातलं. दर महिन्याला प्रभुभोजन घेताना पाळक विचारायचे, कुणाविरुद्ध मनात काही असेल तर आधी जाऊन समेट करा. मी डोळे मिटायची, कारण वहिनी माझ्याच बाकावर बसलेल्या असायच्या.

मग एका पहाटे वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दीर आधीच गेलेले. एक मुलगा ऑस्ट्रेलियात, एक बेंगळुरूला. दोघेही धावत आले, दोघांनीही पैसे दिले, दोघेही परत गेले. सकाळी सगळं आवरायला एक मावशी यायच्या. दुपारपासून रात्रीपर्यंत वरच्या मजल्यावर राहणारी मी.

मी केलं. सगळं केलं. पेज भरवली, कूस बदलली, पाठीला पावडर लावली, भांडं दिलं आणि उचललं. रविवारी पाळकांनी प्रार्थनेत माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले. बायका माझे हात हातात घेऊन म्हणायच्या, ही खरी ख्रिस्ती प्रीती. मी मान खाली घालायची. पण खरं सांगते, मला त्यात मजा येत होती. पेजेचा प्रत्येक चमचा मी त्या वाक्याला उत्तर म्हणून भरवत होते. घ्या, केडगावचीच्या हातून घ्या. मी तोंडाने अवाक्षर बोलत नव्हते, माझा स्वर गोड होता, टॉवेल मऊ होता. सेवेसारखं सूड उगवायचं साधन नाही. समोरच्याला ओरडताही येत नाही.

वहिनींना ते कळत होतं. शरीर अर्धं गेलं होतं, डोकं शाबूत होतं. मावशींच्या हातून त्या वाटीभर खायच्या. मी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायच्या. कधी घास घेऊन हळूच बाजूला सोडून द्यायच्या, माझ्याकडे बघत.

असे सात-आठ महिने गेले. मला कसलाही बदल जाणवत नव्हता, त्यांच्यात नाही की माझ्यात नाही. उलट मी दिवसेंदिवस जास्त सोज्वळ आणि जास्त कडू होत चालले होते. हे मिश्रण ख्रिस्ती घरांत दुर्मीळ नाही.

*

गुरुवारच्या घरगुती प्रार्थनेत एकदा योहानाचा चौथा अध्याय निघाला. तोच, फुलमचा. वाचायची पाळी माझी होती. येशू चालून थकलेला, भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शिष्य खायला आणायला गावात गेलेत. ती बाई घागर घेऊन येते. आणि तो म्हणतो, मला प्यायला पाणी दे.

मी हे वाक्य लहानपणापासून एक युक्ती समजत आले होते. म्हणजे, त्याला तिला जिवंत पाण्याबद्दल सांगायचं होतं, म्हणून बोलणं काढायला पाणी मागितलं. पण त्या दिवशी मोठ्याने वाचताना पुढच्या एका वाक्यावर अडखळले. ती बाई म्हणते, तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. पोहरा नव्हताच त्याच्याजवळ. त्याला खरोखर तहान लागली होती आणि खरोखर स्वतःहून पाणी काढता येत नव्हतं. ती देईल तरच मिळणार होतं. यहूदी शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. तिला धक्का बसतो तो यहूदी माणूस माझ्या हातचं मागतो कसं, याचा. ज्या मुलखात कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर माणसाची किंमत ठरत आली, जिथे फुल्यांनी आपल्या घरचा हौद उघडला त्याची तारीख सांगावी लागते आणि जिथे महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मला मात्र साठीच्या उंबरठ्यावर कळलं. त्याने तिला काही देण्याआधी तिच्याकडे मागितलं.

वाचन थांबलं म्हणून कुणीतरी खाकरलं. मी पुढचं वाचलं. पण कानात आजी बोलत होती.

गोष्टीचा दुसरा भाग असा. आठव्या दिवशी ताई फणी घेऊन आली. आजी दात आवळून तयार. पण ताई तिच्यामागे बसलीच नाही. ती आजीसमोर पाठ करून बसली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि फणी खांद्यावरून आजीच्या हातात दिली. दोघींची भाषा वेगळी; बोलणं शक्यच नव्हतं. ताईच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस होते. विधवा म्हणून कैक वर्षं वस्तरा फिरलेलं ते डोकं, आता कुठे उगवत होतं. आजीने बघितलं, आणि पाच वर्षांच्या मुलीला जे वाटेल तेच तिला वाटलं: यात विंचरायचं काय? तरी तिने फणी फिरवली. खर्रखर्र आवाज आला, पोत्यावरून फिरवल्यासारखा. आजीला हसू फुटलं. ताईची पाठ हलत होती. "ती हसत होती की रडत होती, ते मला अजून कळलं नाही," आजी म्हणायची. "पण मग मी तिला चावले नाही."

आम्ही पोरं त्या 'खर्रखर्र'ला हसायचो. इतकी वर्षं मी ती गोष्ट चावा सोसणाऱ्या ताईची म्हणून सांगत आले. पण सात दिवसांच्या सोसण्याने आजी थांबली नव्हती. तीही सात दिवस घास बाहेर सोडत होती.

*

आजीची फणी माझ्याकडे आहे. लग्नात आईने दिली होती आणि मी ती वहिनींच्या नजरेला पडू नये म्हणून कपाटात तळाशी ठेवली होती.

शनिवार होता. चारच्या सुमाराला मी खाली गेले. वहिनींना उशा लावून बसवलं. पेज आणली नाही. पलंगाला पाठ लावून खाली फरशीवर बसले, अंबाडा सोडला आणि फणी त्यांच्या डाव्या हातात दिली. म्हटलं, "वहिनी, खांदा आखडलाय, मागचं मला विंचरता येत नाही. जरा बघता का?" खांदा खरंच आखडला होता. त्यांना रोज उचलून उचलूनच आखडला होता, पण ते मी बोलले नाही.

बराच वेळ मागून काही नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मला माझीच लाज वाटू लागली. वाटलं, हेही नाटकच चाललंय माझं, आता उठावं. आणि सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. मान पुढे, केस मोकळे, चेहरा दिसत नाही, आणि मागे वहिनी. पस्तीस वर्षांत मी त्यांच्याकडे अशी पाठ कधी केली नव्हती.

मग फणी लागली. डावा हात, सवय नसलेला. पहिला हात टाळूवरून ओरखडत गेला. दुसरा कानाला लागला. फणी हातातून सुटून माझ्या मांडीवर पडली. मी मागे न बघता परत दिली. पुन्हा पडली, पुन्हा दिली. त्या तुटलेल्या तीन दातांपाशी केस अडकत होते. वहिनींनी फणी तोंडाजवळ धरून बघितली असावी, कारण जड जिभेने, एकेक शब्द सोडवत त्या म्हणाल्या, "कसली... जुनी... ही?"

"केडगावची," मी म्हटलं.

मागे पुन्हा शांतता. मग फणी परत केसांत आली, आधीपेक्षा हळू.

त्या वाक्याबद्दल वहिनी कधी बोलल्या नाहीत, आणि पुढे दोन वर्षं जगल्या. त्यांना ते आठवत तरी होतं की नाही, देव जाणे. पेज त्यानंतर माझ्या हातून खाऊ लागल्या, पण अळणी आहे म्हणून कुरकुर करत. मीही काही संत झाले नाही. मीठ मुद्दाम कमी घातलं असेन एखाद्या दिवशी.

त्या शनिवारी विंचरून झाल्यावर मला वाटलं झालं, मी उठायला गेले. वहिनींनी माझा पदर धरला. "वेणी," म्हणाल्या. एका हाताने वेणी कशी घालणार? मी दोन पेड खांद्यावरून पुढे घेऊन धरले, तिसरा त्यांच्या हातात. त्या आपला पेड मधे आणायच्या, मी माझा बाहेर न्यायची, मग त्या थांबून सांगायच्या, "हा नाही... तो." तीन हातांची वेणी व्हायला पाऊण तास लागला. खाली बांधायला रिबीन नव्हती, म्हणून त्यांनी औषधाच्या पुडक्यावरचं रबर काढून दिलं.

वेणी एका बाजूला कललेली होती आणि वरचे दोन पेड सैल. सकाळी आरशात बघितलं, ती सोडायला हात गेला, आणि मी तशीच चर्चला गेले.